आर-टू-आर की डेल्टा-सिग्मा? आधी मोजा, मग भांडा!



हॉस्टेलमध्ये भांडणाला विषय लागत नाही हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मेसची भाजी, बाथरूमचा नंबर, रात्री लाईट कोणी घालवायची, काहीही चालतं. पण यंदा आमच्या विंगमध्ये जे भांडण तीन आठवडे पुरलं त्याचा विषय जरा वेगळा होता. विषय होता डॅक! म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. ज्यावर आपण थर्ड इयरला सहा मार्कांचं उत्तर लिहितो आणि विसरून जातो, तोच.

झालं असं की, माझ्या रूममेटने १४,००० रुपये साठवले होते. दोन उन्हाळी सुट्ट्या त्याने एका मंडप-साऊंडवाल्याकडे घालवल्या. लग्नात बॉक्स उचलायचे, वायरी ओढायच्या, रात्री दोनला परत गाडी भरायची. त्याचे आई-वडील दसरा-दिवाळी झाली की कारखान्यावर जातात. कोयता म्हणजे काय आणि उचल म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. तर अशा घरातल्या पोराने साठवलेले हे पैसे, आणि त्याला ते सगळेच्या सगळे एका डॅकवर घालायचे होते. का? तर तो 'आर-टू-आर' आहे म्हणून. "डेल्टा-सिग्माचा आवाज कोरडा असतो गड्या, आर-टू-आरचा कसा उसाच्या रसावानी!" हे त्याचं वाक्य.

मी म्हणालो, "तू ऐकलास का?"

तो म्हणाला, "ऐकायचं काय त्यात? सगळेच म्हणतात."

या 'सगळेच म्हणतात' वर हा लेख आहे.

किराणा दुकानातली वजनं

आधी थोडी उजळणी. कंटाळा करू नका, पुढे उपयोगी पडेल. सीडीवरचं गाणं म्हणजे आकड्यांची माळ. दर सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या-उजव्या कानाचे वेगवेगळे. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठली तरी एक पायरी. हा आकडा घेऊन तेवढा व्होल्टेज काढून द्यायचा, एवढंच डॅकचं काम. ऐकायला सोपं, करायला अवघड.

आर-टू-आर पद्धत म्हणजे मोंढ्यातला जुना तराजू. १ ग्रॅम, २ ग्रॅम, ४, ८, १६ अशी दुपटीची वजनं ठेवा. पाहिजे ती वजनं पारड्यात टाकली की कुठलाही आकडा जुळतो. १६ बिटांना अशी १६ वजनं लागतात. सर्वांत लहान १ ग्रॅमचं धरलं तर सर्वांत मोठं ३२ किलो ७६८ ग्रॅमचं होतं. आता गंमत पाहा. त्या ३२ किलोच्या वजनात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चूक चालत नाही. चूक जास्त झाली तर १ ग्रॅमच्या वजनाला अर्थच उरत नाही. टक्केवारीत सांगायचं तर ०.००१५ टक्के! आपल्या लॅबमध्ये मिळतो तो रेझिस्टर १ टक्क्याचा. म्हणजे मोठ्या वजनात सव्वातीनशे ग्रॅमची गडबड होऊ शकते. असला शिडीचा डॅक कागदावर १६ बिटांचा असला तरी त्यातले खात्रीचे बिट सुमारे सहाच.

आणि ही चूक नेमकी कुठे बोचते? ३२,७६७ वरून ३२,७६८ वर जाताना. तिथे पंधरा वजनं एकदम काढायची असतात आणि एक मोठं टाकायचं असतं. संगीतात ही जागा म्हणजे बरोबर मधली, शून्याची रेषा. आवाज कितीही हळू असला तरी तो ही रेषा ओलांडतोच. म्हणजे तंबोरा विरत जातो, तान संपते, अशा नाजूक जागीच शिडी अडखळते. मोठ्या आवाजात चूक झाकली जाते, हळू आवाजात उघडी पडते.

हे जुन्या इंजिनिअरांना ठाऊक नव्हतं असं नाही. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटांची टीडीए १५४० ही चिप होती. त्यांनी ती चौपट वेगाने, १७६.४ किलोहर्ट्झवर चालवली आणि काम भागवलं. पुढे टीडीए १५४१ ही १६ बिटांची चिप आली. तिची युक्ती मोठी मजेची आहे. फिलिप्सच्या रुडी व्हान डे प्लाशे यांनी अशी सोय केली की समान असायला हवेत ते करंट सारखे आपसात जागा बदलत राहतात. एकात थोडं जास्त, दुसऱ्यात थोडं कमी असलं तरी फिरवत राहिल्यावर सरासरी सारखी! मेसची ड्यूटी पाळीपाळीने लावतो तसं. कामचुकार एक असला तरी त्याचा भार एकाच दिवसावर येत नाही.

बर-ब्राऊन कंपनीची पीसीएम १७०४ ही २४ बिटांची चिप तर शिडीवाल्यांची लाडकी. तिच्यात धन आणि ऋण बाजूला वेगवेगळ्या शिड्या आहेत. त्यामुळे शून्यापाशी एकदम सगळी वजनं बदलावी लागत नाहीत. आता ती चिप बनत नाही. म्हणून हल्ली जे आर-टू-आर डॅक मिळतात ते बहुतेक सुट्या, निवडक रेझिस्टरांचे असतात. महाग का, ते यावरून कळावं.

कॅन्टीनची वही

आता डेल्टा-सिग्मा. इथे सोळा वजनं ठेवायचीच नाहीत. अगदी टोकाला गेलं तर एकच वजन: टाकलं किंवा काढलं.

कसं ते कॅन्टीनच्या उदाहरणाने सांगतो. चहा ७ रुपयांचा आहे समजा, आणि कॅन्टीनवाल्या काकांकडे फक्त १० ची नाणी आहेत. एका दिवशी तुम्ही १० देता, काका वहीत लिहितात, ३ जमा. दुसऱ्या दिवशी पुन्हा १०, जमा ६. तिसऱ्या दिवशी ९. चौथ्या दिवशी तुमच्या ९ मधून ७ वळते, तुम्ही काहीच देत नाही. रोजचा व्यवहार चुकीचाच आहे, कधी १०, कधी शून्य. पण दहा दिवसांत ७० रुपयेच जातात, कारण चूक फेकून दिलेली नाही, वहीत लिहून पुढच्या हिशोबात धरली आहे.

डेल्टा-सिग्मा म्हणजे हीच वही. प्रत्येक वेळी जी चूक राहिली ती पुढच्या नमुन्यात मिसळायची. हे सेकंदाला ४४,१०० वेळा नाही तर त्याच्या ६४ पट, म्हणजे २८ लाख २२ हजार ४०० वेळा करायचं. चूक नाहीशी होत नाही, पण ती इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला ढकलली जाते की कान तिथे पोहोचत नाही, आणि एक साधा फिल्टर ती गाळून टाकतो. यालाच नॉईज शेपिंग म्हणतात. १९६२ मध्ये जपानमध्ये इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी ही कल्पना मांडली. ती घरोघरी पोहोचायला मात्र ऐंशीच्या दशकाची अखेर उजाडली. फिलिप्सने तिला 'बिटस्ट्रीम' नाव दिलं.

यातला मोठा फायदा काय? अचूक रेझिस्टर लागत नाहीत. अचूकता सामानातून काढून वेगात आणि गणितात टाकली. सिलिकॉनला रेझिस्टर अचूक बनवणं अवघड, वेगाने मोजणं सोपं. म्हणून आज तुमच्या मोबाईलमध्ये, लॅपटॉपमध्ये, चार-पाचशे रुपयांच्या यूएसबी-सी डोंगलमध्ये डेल्टा-सिग्माच बसलेली आहे.

मग सगळं आलबेल का? नाही. एका बिटाच्या पद्धतीतही खोट आहे. घड्याळाचा ठोका जरा हलला की आवाजात गोंगाट येतो. शांत जागी कधी कधी बारीक शिट्टी उमटते. २००१ मध्ये लिपशिट्झ आणि व्हँडरकूय या दोन अभ्यासकांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे निबंध ठेवला की उत्तम दर्जासाठी एका बिटाची पद्धत योग्य नाही, कारण तिच्यात डिदर नीट बसवताच येत नाही. गंमत म्हणजे त्याच्या दोन वर्षं आधी, १९९९ मध्ये, एका बिटावर आधारलेली सुपर ऑडिओ सीडी बाजारात आली होती.

भांडण कधीच मिटलंय!

आता मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे लोक भांडतात ते अशा थाटात, की इकडे शिडीवाले, तिकडे एका बिटवाले, मधे नदी. प्रत्यक्षात चिप बनवणाऱ्यांनी नदीवर केव्हाच पूल बांधलाय. आजच्या चांगल्या डेल्टा-सिग्मा चिपमध्ये एक बिट नसतो, अनेक पातळ्या असतात. आणि त्या पातळ्यांचे घटक समान राहावेत म्हणून कुठली युक्ती वापरतात? तीच, व्हान डे प्लाशे यांच्या वळणाची, पाळीपाळीने जागा बदलायची! पीसीएम १७९२ या चिपमध्ये तर २४ पैकी वरचे ६ बिट समान वजनांच्या घटकांनी आणि खालचे १८ बिट डेल्टा-सिग्माने काढतात. तिला कुठल्या जातीत बसवणार? आणि आर-टू-आरच्या पेटीतही बऱ्याचदा शिडीच्या आधी डिजिटल फिल्टर बसवून वेग वाढवलेला असतो. म्हणजे खोक्यावर एक नाव, आत दोघांचा संसार.

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली. जगातल्या कितीतरी हाय-फाय डॅकमध्ये त्यांची चिप होती. चिप मिळेना, तेव्हा अनेक उत्पादकांनी दुसऱ्या कंपनीची चिप घालून आपली मॉडेलं पुढे चालू ठेवली. 'या चिपचा आवाज मखमली, त्या चिपचा काचेसारखा' असं सांगणाऱ्यांनी तेव्हा तरी थांबून विचार करायला हवा होता, असं मला वाटतं.

आमची परीक्षा

असो. पुस्तकी झालं. आता रूम नंबर सांगत नाही, पण तिथे काय घडलं ते सांगतो.

आपल्या कॉलेजचे एक माजी विद्यार्थी गावी आले होते. त्यांच्याकडे आर-टू-आर डॅक होता. एक आठवडा त्यांनी तो आम्हाला वापरायला दिला, त्यांचे जाहीर आभार. दुसऱ्या बाजूला माझा डोंगल, साधा, डेल्टा-सिग्मा. मंडपवाल्याच्या भंगारातून आणून दुरुस्त केलेला एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. गाणं पंडित भीमसेन जोशींच्या अभंगाचं, कारण त्यातले टाळ कुठलीही यंत्रणा उघडी पाडतात.

पहिल्या रात्री आठ जण जमले. आठही जण म्हणाले, आर-टू-आर भारी. रूममेटने माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर आणला. स्वस्त मल्टिमीटर एसीला वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं बोलतो, म्हणून १०० हर्ट्झचा टोन लावला. कानाने 'सारखा' केलेला आवाज मोजला. डोंगलकडून स्पीकरवर ०.४१२ व्होल्ट, आर-टू-आरकडून ०.४५८. म्हणजे ०.९ डेसिबल जास्त! एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'चांगला आवाज' म्हणून कळतो. दुकानदार लोकांना हे आपल्याआधी कळलेलं आहे.

मग एक पॉट लावून दोन्ही पातळ्या १ टक्क्याच्या आत आणल्या. डीपीडीटी स्विच चादरीमागे. एक जण नाणं उडवून स्विच लावणार, वहीत लिहिणार आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. ऐकणाऱ्याने तोच २० सेकंदांचा तुकडा ऐकून सांगायचं, कुठला. असं दहा वेळा.

रूममेटची दहापैकी सहा उत्तरं बरोबर आली. नुसतं नाणं उडवूनही दहापैकी सहा किंवा जास्त येण्याची शक्यता १०२४ मध्ये ३८६ आहे, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के. प्रॉबेबिलिटीचा पेपर ज्यांचा निघाला आहे त्यांनी करून बघावं. मी पाच, बाकीचे चार ते सहा. फरक नाहीच असं यावरून सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आम्हाला, त्या स्पीकरवर, त्या खोलीत तो ओळखता आला नाही, एवढंच सिद्ध होतं.

मी खूश. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

रूममेट गप्प बसला नाही. तो म्हणाला, "थांब. याच्यावर अजून एक मोड आहे, एनओएस." म्हणजे नॉन-ओव्हरसॅम्पलिंग. डिजिटल फिल्टर बंद, आकडे आले तसे शिडीवर. पुन्हा पातळी जुळवली, पुन्हा चादर, पुन्हा नाणं. या वेळी त्याची दहापैकी नऊ बरोबर! नुसत्या नशिबाने नऊ किंवा दहा येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे एक टक्का. आता मात्र मी गप्प. पोराच्या कानाला दाद दिली पाहिजे. दोन उन्हाळे बॉक्सशेजारी उभं राहून तयार झालेला कान आहे तो.

मग फरक कशाचा? शिडीचा? नाही. शिडी तर आधीही तीच होती. बदलला होता फक्त फिल्टर. आम्ही सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं पुस्तक काढलं. प्रत्येक आकडा पुढचा येईपर्यंत धरून ठेवला की वरच्या फ्रिक्वेन्सी किती घटतात, त्याचं सूत्र तिथे दिलेलं आहे. साईन एक्स भागिले एक्स. आकडे घातले. ४४.१ किलोहर्ट्झला १० किलोहर्ट्झवर पाऊण डेसिबल, १५ वर १.७ आणि २० वर ३.२ डेसिबलची घट. म्हणजे टाळाची धार थोडी बोथट. त्यालाच लोक 'गोडवा' म्हणतात!

खात्री करायला शेवटचा प्रयोग केला. लॅपटॉपवर तेवढीच घट करणारा फिल्टर लिहिला, तो डोंगलच्या वाटेवर लावला आणि एनओएस आर-टू-आरशी तुलना केली. रूममेट, दहापैकी पाच. १४,००० रुपयांचा गोडवा चाळीस ओळींच्या प्रोग्राममध्ये मिळाला.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझे कान खरे होते. नाव खोटं होतं."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. कान खरे असू शकतात. पण कानाने ऐकलेल्या फरकाला आपण जाहिरातीतलं नाव चिकटवतो आणि पैसे त्या नावाचे मोजतो.

मग पैसे कुठे घालावेत?

माझं मत स्पष्ट आहे. हॉस्टेलमधल्या मुलाने डॅकची जात बघून पैसे घालू नयेत. १६ बिटांत आदर्श गणिताने ९८ डेसिबल मिळतात. आपल्या खोलीत फॅन फिरतोय, शेजारी कोणी व्हायव्हाची तयारी मोठ्याने करतोय, खाली मोटर चालू आहे. यात शंभर आणि एकशेवीस डेसिबलचा फरक कोण ऐकणार? आणि आपण ऐकतो काय? मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेच्या मंडळींनी नाट्यसंगीताच्या, जुन्या गायकांच्या तीन-तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्या जपल्या. त्या तबकड्यांची खरखर ९८ डेसिबलच्या कितीतरी वर असते. तरीही ते गाणं ऐकताना अंगावर काटा येतो. काटा बिटांनी येत नाही, मित्रांनो.

तेव्हा पैसे घालायचे तर या क्रमाने:

पहिलं, हेडफोन किंवा स्पीकर. आवाजातला सर्वांत मोठा फरक तिथे असतो आणि तो मोजायला मल्टिमीटर लागत नाही.

दुसरं, वीज. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात ना? बोर्डाला अर्थिंग नसलं की हे होतं, आणि तोच करंट ऑडिओच्या वायरीतून घुं करत फिरतो. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या नंबरवर ठेवला की खर्र येतं, ते ट्रायॅकचं. चार्जर काढून, फॅन फुल करून ऐकून बघा. फुकटात 'अपग्रेड'!

तिसरं, आउटपुट इम्पिडन्स. ३२ ओहमचा हेडफोन असेल तर सोर्स ४ ओहमच्या आत हवा. नाहीतर काही हेडफोनचा तोलच बदलतो. बरेच चांगले डोंगल इथे पास होतात.

डॅकचा नंबर यानंतर.

पण शिडी सोडू नका

आता कोणी म्हणेल, म्हणजे आर-टू-आर मोडीत काढा. अजिबात नाही! ऐकण्यासाठी नसेल, पण शिकण्यासाठी आर-टू-आरसारखा गुरू नाही. डेल्टा-सिग्मा चिपच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. शिडी ब्रेडबोर्डवर बांधता येते, प्रत्येक पायरी मोजता येते.

आम्ही आठ बिटांची बांधली. एकाच पट्टीतले १० के चे रेझिस्टर घेतले, २० के साठी दोन जोडून लावले. मायक्रोकंट्रोलरच्या पोर्टवर ५ व्होल्ट. १२७ वरून १२८ वर जाताना १९.५ मिलिव्होल्टने वाढायला हवं होतं. वाढलं फक्त ६ ने. आहे ना तीच मधली अडखळ! मग शंभर रेझिस्टर एकेक मोजून जुळणारे निवडले, पुन्हा बांधलं. पायरी १७ वर आली. त्या संध्याकाळी आम्हाला टॉलरन्स या शब्दाचा जो अर्थ कळला तो तीन वर्षांत कळला नव्हता.

आणि इथे एक कबुली. लॅबमध्ये डॅक ०८०८ चं प्रॅक्टिकल आपण सगळे करतो. तीही आतून शिडीचीच चिप. पण माझ्या जर्नलमधली रीडिंग सगळी आदर्श आहेत, एकही पायरी चुकलेली नाही. कारण ती मी मोजलेलीच नाहीत, सिनियरच्या जर्नलमधून उतरवली आहेत. 'रीडिंग मॅनेज करणे' हा शब्द हॉस्टेलमध्ये नवीन नाही. मग रूममेटला मी कुठल्या तोंडाने म्हणत होतो, "न ऐकता विश्वास कसा ठेवलास?" मी तरी न मोजता सही घेतलीच की!

न मोजता लिहिणारा आणि न ऐकता विकत घेणारा, दोघे एकाच बाकावरचे. आज १४,००० च्या डॅकपुरतं आहे. उद्या आपल्यातलाच कोणी सबस्टेशनचं अर्थिंग मोजणार आहे, कोणी दवाखान्यातलं मशीन कॅलिब्रेट करणार आहे. तिथे सिनियरचं जर्नल नसेल.

म्हणून सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. खरं मोजलेलं रीडिंग पुस्तकाशी जुळलं नाही तर मार्क कापू नका. उलट 'का जुळलं नाही' ते लिहिणाऱ्याला एक मार्क जास्त द्या. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी राहिली, तर डॅकवरची भांडणं विंगमध्ये न होता सीआरओसमोर होतील. वॉर्डनसाहेबांचीही झोप वाचेल!

आपल्या बीडची खजाना विहीर बघितली आहे ना? सोळाव्या शतकातलं काम. पंप नाही, वीज नाही, तरी जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी आपसूक शेताकडे जातं. कारण बांधणाऱ्याने उतार बरोबर मोजला होता. 'सगळेच म्हणतात' म्हणून पाणी वाहत नाही.

रूममेटचं काय झालं, हे विचाराल. त्याने डॅक घेतला नाही. साडेतीन हजारांचा हेडफोन आणि एक सोल्डरिंग आयर्न घेतलं, बाकीचे पैसे घरी दिले. त्याच्या प्रोजेक्टचा विषय ठरला आहे, स्वतः बांधलेला बारा बिटांचा डॅक. रेझिस्टर निवडायला रोज रात्री मीटर घेऊन बसतो. परवा मी विचारलं, "काय रे, डेल्टा-सिग्मा भारी की आर-टू-आर?"

मान वर न करता म्हणाला, "आधी मोजू दे."

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन